लवकर निघायचं ना, भागीबाई

भागीबाईला जगात सगळ्यांत जास्त राग कशाचा येत असेल, तर तो एका वाक्याचा. ‘लवकर निघायचं ना, भागीबाई.’

चौदा वर्षं ती नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते आहे आणि चौदा वर्षं हे वाक्य ऐकते आहे. ऐकवणारा सुपरवायझर शेखर कारखान्याच्या मागच्याच कॉलनीत राहतो. सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडून मोटरसायकलला किक मारली की सात मिनिटांत कामावर हजर. भागीबाई राहते पेठरोडला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. पावणेसहाला ती घराला कडी घालते. निमाणीच्या बसस्टँडपर्यंत पायी, तिथून एक बस सीबीएसला, तिथून दुसरी अंबडला. दोन्ही वेळेवर आल्या तर साडेसातला ती पीठ मळायला घेते. दोन्ही वेळेवर आल्या असा दिवस महिन्यातून एखादा उगवतो. बाकीचे दिवस शेखर दारात मनगटावरचं घड्याळ बघत उभा असतो आणि ते वाक्य म्हणतो. पावणेसहाच्याही आधी निघायचं म्हणजे आदल्या दिवशीच इथं येऊन झोपू का, असं तिने त्याला एकदा सगळ्या बायकांसमोर विचारलं होतं. तो हसला आणि आत निघून गेला. भागीबाईला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

तिचा राग बसवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. थांब्यावर न थांबता पन्नास पावलं पुढे जाऊन थांबायचं, ही काही चालकांची जुनी खोड. मग बायका पदर सावरत, डबे सांभाळत धावत सुटतात. भागीबाई धावत नाही. ती आपल्या चालीने चालत जाते आणि बस तिच्यासाठी थांबते. कारण एकदा एक बस तिला न घेता सुटली, तेव्हा पुढच्या सिग्नलला ती गाठून ही बाई तिच्यासमोर भर रस्त्यात उभी राहिली होती. सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला तरी जागची हलली नव्हती. मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले, पण हॉर्न वाजवणारे सगळे बसून वाजवत होते, त्यांचं काय ऐकायचं, असं तिचं म्हणणं. ती सकाळी बसमध्ये उभी, दिवसभर ओट्यापाशी उभी आणि संध्याकाळी परत बसमध्ये उभी. पायांच्या शिरा पोटरीवर टरारून वर आल्या आहेत. बसायला जागा मिळणं ही तिच्या लेखी चैन नाही, हक्क आहे, आणि तो सरळपणे मिळत नाही म्हणून तिने एक विद्या कमावली आहे.

ही विद्या म्हणजे पिशवी टाकण्याची. ज्याने एसटीने प्रवास केला आहे त्याला हे समजावून सांगायला नको. गाडी स्टँडात शिरते न शिरते तोच खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, हातात असेल ते सीटवर टाकायचं, की ती जागा आपली. मग दारात कितीही रेटारेटी होवो, आपण सगळ्यांच्या शेवटी चढलो तरी जागा आपलीच. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण कायदे जेवढे पाळले जात नाहीत तेवढं हे पाळलं जातं. भागीबाई ते पेठच्या स्टँडवर शिकली, सात-आठ वर्षांची असताना. आई तिला कमरेला धरून उचलायची आणि ही टोपलीवरचं फडकं खिडकीतून आत टाकायची. आता पन्नाशीला आली, पण चालत्या गाडीत नेमक्या खिडकीशेजारच्या सीटवर पिशवी टाकावी तर तिनेच. निमाणीच्या स्टँडवर कॉलेजची पोरं तिला आपली दप्तरं टाकायला देतात.

या विद्येने तिला ज्या दिवशी दगा दिला, त्या दिवसाची ही गोष्ट.

भागीबाईला एकच मुलगी, आशा. आशाच्या आधी एक मुलगा होता, तो पेठकडच्या पाड्यावर तापाने गेला. बुधा, भागीबाईचा नवरा, त्याला खांद्यावर घेऊन डांबरीपर्यंत चालत आला होता आणि दोघं तीन तास गाडीची वाट बघत रस्त्याच्या कडेला बसले होते. दवाखान्यात पोचले तेव्हा नर्स जाग्यावर नव्हती, आणि तिथे जो कोणी होता त्याने पोराच्या मनगटाला हात लावून बघितलं आणि म्हटलं, लवकर निघायचं ना. त्या वाक्याचा राग तेव्हापासूनचा आहे. शेखरला हे माहीत नाही आणि भागीबाई त्याला ते कधी सांगणारही नाही.

आशा बारावी झाली आणि नाशिकरोडच्या पलीकडे एका नर्सिंग कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं. बुधाच्या आणि भागीबाईच्या दोन्ही घरांत मिळून अशी यादी पहिल्यांदाच कुणी बघत होतं. यादीत नाव लागलं ते ज्या कागदाच्या जोरावर, तो कागद म्हणजे जातपडताळणीचा दाखला. तो मिळवायला चार वर्षं गेली होती. आजोबांच्या शाळेतलं नाव शोधायला पेठला, मग कचेरीत, मग परत पेठला, अशा खेपा घालून बुधाच्या चपला झिजल्या होत्या. दाखला हातात आला त्याच दिवशी भागीबाईने तो लॅमिनेशन करून घेतला, पेटीच्या तळाशी ठेवला, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. मूळ कागद घराबाहेर काढायचा नाही, हा तिचा कायदा. कॉलेजात कागद दाखवायच्या दिवशी सकाळी आशाने तो मागितला, तेव्हाही तिने नाही म्हटलं. झेरॉक्स घेऊन जा, एवढ्या गर्दीत बसमध्ये कागद गेला तर पुन्हा चार वर्षं कुणी चकरा मारायच्या, असं तिनेच पोरीला सुनावलं होतं.

साडेदहाला कँटीनमध्ये फोन आला. आशा रडत नव्हती, पण आवाज पार बारीक झाला होता. “आई, मूळच दाखला लागतोय. दोन वाजेपर्यंत दाखवला नाही तर माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला देणार.”

बुधा भाताच्या आवणीसाठी गावी गेलेला. किल्ली भागीबाईच्या कमरेला. म्हणजे अंबडहून पेठरोड आणि पेठरोडहून नाशिकरोड, अख्खं शहर आडवं आणि परत उभं कापायचं आणि तेही साडेतीन तासांत. तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि शेखरला सांगितलं. शेखर माणूस वाईट नाही, त्याने लगेच जा म्हटलं. पण तोंडाला लागलेली सवय कुठे जाते? ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागून म्हणालाच, की कागद सकाळीच द्यायचा होता बाई, थोडं लवकर निघायचं ना. एरवी तिने मागे वळून त्याची चामडी सोलली असती. त्या दिवशी वेळ नव्हता.

सीबीएसपर्यंतच्या बसने त्रिमूर्ती चौकातच अर्धा तास खाल्ला. सिंहस्थाची कामं निघालेली, जिकडे बघावं तिकडे रस्ता उकरून ठेवलेला आणि कडेला पत्रे ठोकलेले. पत्र्यांवर रंगीत अक्षरांत ‘आपल्या सोयीसाठी’ असं लिहिलं होतं. भागीबाई अक्षरं जोडून वाचते. ते वाचून झालं तेव्हा तिने त्या पत्र्याला अशी शिवी दिली की शेजारच्या बाईने लेकराचे कान झाकले. घरी पोचायला पावणेबारा झाले. पेटी उघडली, कागद घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, ती पिशवी डब्याच्या कापडी पिशवीत घातली आणि ती जवळजवळ पळतच निमाणीला आली.

निमाणीला माणसांचा हा गर्दा. नाशिकरोडच्या दोन गाड्या आल्याच नव्हत्या आणि तिसरी कधी येणार हे कुणी सांगत नव्हतं. एका रिक्षावाल्याला तिने एकटीला नाशिकरोडला नेतोस का म्हणून विचारलं, तर त्याने नुसती मान हलवली. या वेळेला द्वारका सर्कलच्या गर्दीत गाडी घालायची आणि दुपारभर तिथेच बसायचं, एवढा वेडा तो नव्हता. सव्वाबारा वाजून गेले तेव्हा बस आली. माणसं चोहोबाजूंनी धावली. आणि भागीबाईच्या हाताने, चाळीस वर्षं जे केलं तेच केलं. बस वळताना खिडकी समोर आली, हात वर गेला आणि पिशवी बरोबर खिडकीशेजारच्या सीटवर जाऊन पडली.

पडली तेव्हा तिला बरंसुद्धा वाटलं. क्षणभरच.

जुन्या एसटीला दार म्हणजे कंडक्टरने ओढायची एक फळी. माणसं लोंबकळत असली तरी गाडी हलायची आणि हलली तरी माणसं चढायची. या नव्या बसचं दार चालकाच्या बटणावर. चढायला मिळालं जेमतेम पंधरा जणांना. मग दार फुस्स करून मिटलं, पोलिसाने शिट्टी मारली आणि बस गेली. मागे राहिलेल्यांची नुसती बस चुकली होती. भागीबाईच्या पोरीची जागा त्या बसमध्ये बसून चालली होती.

ती मागे धावली. चौदा वर्षांत कुणी तिला धावताना बघितलं नव्हतं. कोपऱ्यापर्यंत गेली, मग दम लागून थांबली, परत फिरली आणि स्टँडच्या कंट्रोल केबिनपाशी आली. आतला पोरगेला माणूस मोबाइल बघत चहा पीत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि अ‍ॅपवर तक्रार टाका म्हणाला. तिने विचारलं, अ‍ॅप ती बस थांबवेल का? तो म्हणाला तसं नाही, पण तक्रारीला नंबर मिळेल. मग त्याला स्वतःचंच काही सुचलं आणि तो म्हणाला, मुळात बसमध्ये सामान टाकायलाच परवानगी नाही, लवकर येऊन रांगेत उभं राहायचं ना.

भागीबाईने त्याच्या टेबलावर अशी मूठ आपटली की चहा त्याच्या रजिस्टरवर सांडला. ती काय बोलली ते स्टँडवरच्या शंभर माणसांनी ऐकलं. तुझी आई कुठल्या रांगेत उभी होती, इथपासून सुरुवात झाली होती.

पण बाहेर येऊन द्वारकेच्या शेअर रिक्षात अंग आक्रसून बसली तेव्हा तिचा राग दुसऱ्या कुणावर नव्हता. पोरीला म्हणे गर्दीत कागद जाईल! आणि स्वतः काय केलंस? छातीशी धरायचा सोडून खिडकीतून भिरकावलास, ढुंगणभर जागेसाठी. सकाळी सरळ दिला असता तर पोरगी आत्तापर्यंत घरी आली असती. तिने स्वतःच्या मांडीवर दोन गुद्दे हाणले. शेजारचा माणूस घाबरून आणखी आत सरकला.

कन्नमवार पुलाच्या अलीकडे रिक्षा थांबली ती थांबलीच. पुढे पुलावर नुसती गाड्यांची टपं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून तंबाखू मळायला घेतली. भागीबाईही उतरली आणि चालू लागली. पुलावर चार-चार रांगांत गाड्या उभ्या होत्या आणि तिने बघितलं, एकेका गाडीत एकेक माणूस. काचा वर, आत गार हवा, आणि सोफ्याएवढ्या जागेत एकटा बसून मोबाइलवर बोलणारा माणूस. ज्यांच्यामुळे रस्ता भरला ते बसलेले आणि ज्यांना रस्ता हवा ते पायी. तिला एकेका काचेवर थाप मारून विचारावंसं वाटलं की तुझ्या शेजारच्या सीटवर कुणाची पिशवी ठेवलीय रे बाबा. दोन काचांवर तिने थाप मारलीही, पण विचारायला थांबली नाही.

आणि द्वारकेच्या सर्कलच्या अलीकडे, दोन ट्रक आणि एक लग्नाची गाडी यांच्यामध्ये, तिला ती बस दिसली. मागच्या काचेवर कुठल्यातरी क्लासची जाहिरात होती, ती तिने धावताना बघितली होती. ज्या गर्दीला तिने चौदा वर्षं शिव्या घातल्या त्या गर्दीने तिची बस धरून ठेवली होती. म्हणून काही तिने गर्दीचे आभार मानले नाहीत. ती दारापाशी गेली आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागली. चालकाने इथे थांबा नाही अशी खूण केली. तिने आणखी जोरात बडवलं. शेवटी कंडक्टरने, किशोरने, काचेतून तिचा चेहरा ओळखला आणि चालकाला म्हणाला, उघड बाबा, ती दार घेऊन जाईल.

आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. माणसं एकमेकांच्या खांद्यावर हनुवट्या टेकून उभी. त्या सगळ्या गर्दीत खिडकीशेजारची एक सीट रिकामी होती आणि तिच्यावर भागीबाईची पिशवी बसली होती. सीटच्या दांड्याला धरून एक टोपीवाला म्हातारा उभा होता, सटाण्याकडचा असावा. पाऊण तास तो तसाच त्या रिकाम्या सीटशेजारी उभा होता. तिने पिशवीला हात घातल्यावर तो तिला म्हणाला, “जागा धरेल शे, मंग कसं बसनार?”

भागीबाईचे डोळे भरून आले आणि तिला त्याचाही राग आला. तिने कागद काढून बघितला, पोलक्यात छातीशी खोचला, म्हाताऱ्याला दंडाला धरून सीटवर बसवलं आणि दाराकडे वळली. तेवढ्यात किशोरने तिकिटाचं यंत्र पुढे करून विचारलं, की निमाणीपासूनचं तिकीट लागेल ना, जागा तिथपासून अडवली होती. तो चेष्टेत म्हणाला असेल. उत्तर मिळाल्यावर त्याने ते यंत्र खाली केलं आणि दोन स्टॉप होईपर्यंत कुणाला तिकीट मागितलं नाही म्हणतात. अर्थात दोन स्टॉप यायला त्याला एक तास लागला असणार.

काठे गल्लीच्या पुढेपर्यंत ती चालली. तिथे गर्दी सुटली आणि नाशिकरोडच्या बिटको चौकाची शेअर रिक्षा मिळाली. तीही पाचवा माणूस मिळाल्याशिवाय हलेना. रिक्षात बसल्यावर पाय बधिर झाले, इतके की ते आपले आहेत की नाहीत हे तिला हाताने चाचपून बघावं लागलं. उपनगर नाक्याला दोन वाजले. बिटकोला दोन वाजून दहा. तिने फोन लावला नाही. लावला असता तर आशा बोलली असती आणि काय बोलेल या एका भीतीने तिने तो पदरात घट्ट गुंडाळून ठेवला होता. शेखरने म्हणावं, केबिनमधल्या पोराने म्हणावं, सगळ्या नाशिकने म्हणावं. आशाने तेवढं म्हणू नये.

कॉलेजच्या फाटकातून ती आत आली तेव्हा दोन वीस झाले होते. पायऱ्यांवर दहा-बारा मुली फायली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांतली एक उठून पळत आली. आशाच ती. आईचा घामाने निथळलेला चेहरा, चिखलाने भरलेली पातळाची कड आणि एक चप्पल तुटलेली बघून तिने आधी पाण्याची बाटली काढली. ती उघडून आईच्या हातात दिली. मग म्हणाली, “वेळ गेलेली नाही, आई. कागद तपासणारे साहेबच आले नाहीत अजून. द्वारकेला अडकलेत म्हणे.”

भागीबाई खाली पायरीवर बसली. दोन वाजता सगळं संपणार होतं ना? हो, पण साहेबच नाहीत म्हटल्यावर दोन कसे वाजणार, असं एका मुलीने सांगितलं आणि बाकीच्या हसल्या.

साहेबांची गाडी पावणेतीनला आली. शिपायाने धावत जाऊन दार उघडलं. मुली उठून उभ्या राहिल्या, त्यांचे आईबाप उठून उभे राहिले. कॉलेजच्या बाईंनी पुढे होऊन ट्रॅफिक फारच वाढलंय हो साहेब, फार त्रास झाला असेल, असं म्हटलं. साहेब विचारू नका म्हणाले. त्यांना आत पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, चहा दिला. लवकर निघायचं ना, असं त्यांना कुणीही म्हणालं नाही. भागीबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. कुणाच्या मनातसुद्धा ते आलेलं दिसत नव्हतं. ती एक पाऊल पुढे सरकली. आशाने तिचा हात घट्ट धरला आणि खालच्या आवाजात म्हणाली, आई, आज नाही.

आशाचा नंबर सातवा होता. भागीबाई सहा मुली होईपर्यंत गप्प राहिली. तिच्या आयुष्यात एवढं अवघड काम तिने केलं नव्हतं. साहेबांनी दाखला उजेडात धरून बघितला आणि सकाळीच का नाही आणला म्हणून विचारलं. शेजारच्या क्लार्कने बाई दोन वीसला आल्या असं मुद्दाम सांगितलं. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, वेळ दोनची दिली होती, यावेळी घेतोय, पण पुढे असं चालणार नाही, जरा लवकर निघत जा. आशाची नखं आईच्या तळहातात रुतली. भागीबाई साहेबांकडे बघत नव्हती. ती शिक्क्याकडे बघत होती. शिक्का पॅडवर टेकला, कागदावर उमटला, खाली सही झाली, पावती फाडून आशाच्या हातात आली.

“झालं?” भागीबाईने विचारलं.

“झालं.”

“आता परत नाय ना घेता येत यास्नी?”

“नाही, आई.”

मग तिने हात सोडवून घेतला आणि टेबलाकडे वळली. आवाज चढवला नाही. “साहेब, तुमी घरून किती वाजता निघाला व्हता?”

साहेबांना ते अपेक्षित नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, आजूबाजूला बघितलं. मग ते जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, “द्वारकेला सगळं जाम होतं हो, बाई. तुम्हाला कल्पना नाही.”

“हाय ना कल्पना,” भागीबाई म्हणाली. “मी त्यातून चालत आले.”